घेऊन पस्तावलेली गाडी

चार्जिंगला गाड्या लावून तिघं मित्र चहा पीत होते. वाद नेहमीचाच होता: घेऊन पस्तावायची गाडी कुठली?

"माझी," निवास म्हणाला. "दारूचा जरा वास आला की दार उघडत नाही. बायकोनंच पढवलीय जणू!"

"माझी कुत्रं दिसलं की थांबते," मोहिते म्हणाले. "मग कुत्र्याची झोप होईपर्यंत मीही तिथंच."

प्रल्हादही हसला. निवास त्याच्याकडे वळला. "तुझी गाडी खरी. मंगलवहिनी गेल्या ते दैव. पण एवढा ट्रक आदळून तुला ओरखडा नाही. विकतोयस ना? मला दे."

प्रल्हादने कप खाली ठेवला. दैवाचा त्यात काही संबंध नव्हता. ट्रक समोर येताच गाडी आपणहून वळली होती आणि तिने डावी बाजू पुढे केली होती. डावीकडे मंगल बसली होती. गाडी ज्याच्या नावावर, त्याला आधी वाचवायचं, अशीच ती बनवलेली होती. घेताना मंगलच म्हणाली होती, "आपली पहिली गाडी, तुमच्याच नावावर असू दे."

"घे," तो म्हणाला. "पण तुझ्या बायकोच्या नावावर कर."