चांगुणाची चाळिशी

सव्वीस जुलैचा पूर ओसरला आणि शंकरला शवागारातून बोलावणं आलं. नदीकाठच्या गाळात एक बाई सापडली होती. त्याची बायको चांगुणा बदलापूरला बहिणीकडे गेली होती, ती परतलीच नव्हती.

"चेहरा बघू नका, बाबा," तिथला माणूस म्हणाला. "अंगावरचं बघून सांगा."

साडीला चिखलाचाच रंग आला होता. गळ्यातल्या दोरीला तपकिरी फ्रेमचा चष्मा मात्र धड होता.

शंकरनं चष्म्यावरचा चिखल बोटानं पुसला. "आमचीच," तो म्हणाला.

बाहेर पडताना दारात रामभाऊ भेटला. तो बदलापूरचा. पुरापासून दोघेही आपापल्या बायकोला शोधत एकाच नदीकाठी फिरत होते, तिथलीच ओळख.

"मिळाली?"

"मिळाली."

"सुटलास बाबा," रामभाऊ म्हणाला. "माझीला आधीच चष्म्याशिवाय लांबचं दिसत नाही. पाणी येताना बघितलंसुद्धा नसेल तिनं."

शंकर पुढं चालू लागला. त्याच्या हातात चष्मा होता.

घरी, बुवापाड्यात, सगळं रीतीप्रमाणे झालं. वस्तीनं त्रिशरण म्हटलं, अस्थी झाल्या, पुण्यानुमोदन झालं. शंकरला मात्र चैन पडेना. जेवता जेवता तो उठायचा. कामाला म्हणून निघायचा आणि नदीवर जाऊन उभा राहायचा.

"आबा, आई गेली ती तुम्हीच बघितलीत ना?" मुलगा राजेंद्र एकदा चिडून म्हणाला. "मग आता नदीवर काय ठेवलंय?"

"काय नाय रे. पायच जातात."

चष्मा बुद्धाच्या तसबिरीखाली खिळ्याला अडकवला होता. उल्हासनगरला कॅम्प एक भागात डोळ्यांचं शिबिर झालं, तेव्हाचा. तिथं बदलापूरपासून आलेल्या सगळ्यांना एकसारख्या फ्रेमा वाटल्या होत्या, दोरीसकट. तो घालून चांगुणा पहिल्यांदा तांदूळ निवडायला बसली तेव्हा काचांमागे तिचे डोळे बशीएवढे दिसत होते.

"घुबडीण आली रे घरात," शंकर म्हणाला होता.

"घुबडाला काय मैना मिळणार होती?" तिनं मान वर न करता विचारलं होतं.

ऑक्टोबरचं ऊन तापलं. सून मैत्रेयी घरीच शिकवणी घ्यायची. त्या दिवशी अंगणात प्रकाशाचा धडा चालला होता. भिंगातून ऊन एका ठिपक्यात कसं गोळा होतं ते तिला मुलांना दाखवायचं होतं, पण भिंग कुणाकडेच नव्हतं.

दारात येरझाऱ्या घालणाऱ्या शंकरनं खिळ्यावरचा चष्मा काढला. "हा घे. उन्हाळ्यात पोरांनी याच्यानंच काळ्या कागदातनं धूर काढला होता. तुझी सासू लाटणं घेऊन धावलेली मागं."

मैत्रेयीनं चष्मा काळ्या कागदावर धरला. वर नेला, खाली आणला. ठिपका काही पडेना. कागदावर नुसती सावली होती, आणि तिच्याभोवती उजेडाचं कडं.

"आजीचा चष्मा रुसला!" एक पोरगी ओरडली. सगळी हसली.

"गाळानं घासला असेल," शंकर म्हणाला. "पुन्हा धर."

मैत्रेयीनं पुन्हा धरला. मग तो पुस्तकावर ठेवून पाहिला. अक्षरं मुंग्यांएवढी झाली. तिनं चष्मा बाजूला केला, परत ठेवला. परत मुंग्या.

"चला, आज सुट्टी," ती मुलांना म्हणाली. अंगण रिकामं होईपर्यंत ती थांबली. "आबा, आईंना चष्मा कशाला लागायचा?"

"तांदूळ निवडायला. सुई ओवायला. चाळिशी होती तिची. का?"

"घासली तर काच अंधुक होते, आबा. बारीक दाखवत नाही." तिचा आवाज खाली आला. "ही चाळिशीची काच नाही. लांबचं दिसत नाही त्यांची असते ही."

शंकरनं तिच्या हातून चष्मा घेतला आणि तिच्याच डोळ्यांसमोर धरला. काचांमागे मैत्रेयीचे डोळे चिंचोक्याएवढे झाले होते.

मग त्यानं दोरी नीट गुंडाळली, चष्मा खिशात घातला आणि चपला शोधू लागला.

"आबा, कुठं निघालात?"

"बदलापूरला. रामभाऊला सांगून येतो, त्याची बाई सापडली म्हणून." उंबऱ्यावर तो थांबला. "आपली शोधायची राहिलीय."