म्हाताऱ्या प्योंची पाठ

दोन वैद्यकं एकदिलाने नांदली की असाध्य रोगही शरण येतो. हे तत्त्व कोरियातल्या जेचनच्या प्यो बंधूंनी जगाला दिलं. त्याआधी नऊ वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते.

थोरला इन-ग्यू त्वचेचा डॉक्टर, धाकटा मान-सोक जडीबुटीचा वैद्य. एक म्हणे "पालापाचोळा", दुसरा म्हणे "स्टेरॉईडचं दुकान". मधे त्यांचे वडील, म्हातारे प्यो, आणि त्यांच्या पाठीवरचा जुनाट इसब. थोरला मलम ठेवून जाई, धाकटा काढ्याच्या पिशव्या. दर रविवारी बापाला सार्वजनिक न्हाणीघरात नेऊन त्याची पाठ घासणं हे मुलाचं कर्तव्य. तेही आळीपाळीने, म्हणजे एकमेकांचं तोंड बघायला नको. घासण्यात मात्र चुरस. खरखरीत हिरव्या फडक्याखाली ज्याच्या हातून मळाच्या वळ्या जास्त निघतील, तो जास्त पितृभक्त.

उन्हाळ्याच्या तोंडाला म्हातारे कडाडले, "एकमेकांशी बोलून औषध द्या, नाहीतर खाजवत मरतो!"

मुलं बोलली. मलम तेच राहिलं, काढाही तोच. फक्त वेळा ठरल्या. पानगळ सुरू होईतो पाठ लख्ख झाली.

"दादा, काढ्याने रक्त शुद्ध झालं, म्हणून तुझं मलम लागलं."

"तसं तर तसं. ये, जेवायला बस."

नऊ वर्षांत भावांनी पहिल्यांदाच एका ताटातली किमची खाल्ली. म्हाताऱ्यांनी दोघांना आग्रह करकरून वाढलं.

पुढच्या रविवारी तिघं मिळून न्हाणीघरात गेले. गल्ल्यावरची बाई हरखली.

"अगंबाई, आजोबा! उन्हाळ्यात बॉयलर बिघडला तेव्हापासून दर्शन नाही तुमचं. कालच दुरुस्त झाला बघा."

बूट काढता काढता म्हातारे थबकले. हात आपसूक पाठीकडे गेला. आत दोघं भाऊ लहानपणीसारखे एकमेकांवर पाणी उडवत होते.

म्हातारे जाऊन त्यांच्यामधे बसले. दोघांनी हिरवी फडकी हातात चढवली.

"बाबा, जरा जोर लावू?" मान-सोकने विचारलं.

म्हाताऱ्यांनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग पाठ वाकवली.

"लावा. दोघंही लावा."

सोमवारी पाठ खाजू लागली.