प्रश्नाच्या वरची ओळ

निवृत्त पोस्टमन बाबा कीबोर्डवर अक्षरं शोधत होते. लेकीने तर्कावर चालणाऱ्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम विचारत होता: दूरच्या वेधशाळेतली नोकरी तिने घ्यावी का? “ही भाषा हट्टी नाही, बाबा. वाट अडली, की आल्या पावली मागे फिरते.” “म्हणजे तुझ्यासारखी नाही,” म्हणत त्यांनी ‘नाही’ टाइप केलं. प्रोग्रॅम मुकाट मागे फिरला. तेवढ्यात वेधशाळेचं उत्तर आलं: तुमचा होकार मिळाला, जागा पक्की. “अगं, नाही म्हटलं ना?” “होकार पाठवायची ओळ प्रश्नाच्या वर होती. प्रोग्रॅम फिरला, पण नेटवरून गेलेला होकार कसा फिरणार?” बाबांनी चष्मा पुसून दोन्ही ओळी पाहिल्या. “क्रम चुकला, की चुकवलास?” बाबांनी कीबोर्ड बाजूला सरकवला. “पेटीत पडलेलं पत्र मी कधी परत काढलं नाही. तिकडे थंडी किती असते गं?”