उत्तर तीर की दक्षिण?

निजाम सरकारकडून मोजणीला आलेल्या अमीनसाहेबांनी देवळाच्या ओट्यावर दोन नकाशे पसरले. जुन्यात गोदावरी गावाच्या दक्षिणेला होती. मोठ्या पुरानं पात्र बदललं, म्हणून नव्यात उत्तरेला.

नरहर भटजी मटकन खाली बसले. "वडिलांनी शिकवलं तसं पूजेच्या संकल्पात मी अजून 'गोदावरीच्या उत्तर तीरी'च म्हणून राह्यलो! पुरानंतरच्या सगळ्या कार्यांत देवाला पत्ताच चुकीचा दिला की!"

नकाशे बघायला आलेल्या भुजंगचा चेहरा उजळला. "माझं लगीन पुरानंतरचंच. मंग ते लागलंच न्हाई म्हणा!"

हंडा घेऊन चाललेली त्याची बायको झुंबरबाई थांबली.

"बिलकुल न्हाई लागलं," ती म्हणाली. "आता दुपारची भाकर कोणत्या तीरावर मिळती, ते बी नकाशातच बघा."