काचेवरचं शेवाळ

"हा तिसरा," म्हणत कप्तानांनी ओला रुमाल काउंटरवर उलगडला.

आत मुठीएवढा काळा गोळा होता. निम्मे काटे गळलेले. मत्स्यालयाच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी तो पेनाच्या टोकाने उलटा करून बघितला.

"काका, समुद्री साळू असा सहजी मरत नाही."

"मरत नाहीच. मारतंय कोणीतरी."

साळू हे कष्टाळू जनावर. खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडलं, की काचेवरून, दगडांवरून सरकत शेवाळ खरवडून खातं. कप्तानांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर टाकी होती. तिच्यात प्रवाळ होते, आणि गेल्या काही महिन्यांपासून त्या प्रवाळांवर, काचेवर, सगळीकडे त्यांना तपकिरी, धुरकट थर दिसे. म्हणून साळू. एकाने भागेना, म्हणून आणखी.

कप्तान खरं तर जहाजावर कधी चढलेच नव्हते. बंदराच्या कचेरीत पगारपत्रकं तपासून निवृत्त झाले. पण गल्लीने ठेवलेलं नाव जन्मदाखल्यापेक्षा पक्कं. निवृत्तीनंतर सकाळी उठायला त्यांना टाकी हे एकच कारण उरलं होतं.

बाईंनी त्यांनी बाटलीतून आणलेलं पाणी तपासलं. "खारेपणा ठीक, विषारी तांब्याचा अंशही नाही. यांना खायला मिळतंय ना?"

"खायला? काचेवर कुरण माजलंय!"

"तरी वाळवलेल्या शेवाळाचा तुकडा टाकून बघा."

"ताट वाढलेलं असताना वर घास भरवू?"

"मग फोटो तरी पाठवा."

"फोटोत काय बघायचंय? मी रोज बघतोय की." कप्तानांनी आणखी दोन साळू निवडले. "आणि टाकीला तुमच्याकडून नेलेले ते निळे दिवे पिवळट पडले. कसला माल ठेवता?"

"नवेच होते हो, काका."

"तेच तर म्हणतोय."

घरी आल्यावर बायकोचा फोन आला. लेक शेजारच्या गावात बाळंत झाली होती आणि बायको काही महिने तिच्याकडेच राहिली होती. आता लेक बाळासह माहेरी येणार होती.

"शेवाळ गेलं का?"

"आज कालच्यापेक्षा जास्त दिसतंय."

"मग नीट ऐका. मी येईन तेव्हा ती टाकी आरशासारखी हवी, आणि एकही मेलेलं जनावर नको. नाहीतर टाकी जाईल. बाळ आणि डबकं एका घरात नांदणार नाही."

कप्तानांनी फोन ठेवला. त्यांना बायको माहीत होती. ती धमकी देत नसे, तारीख देत असे.

वरच्या मजल्यावर मेव्हणा राहायचा. टाकीच्या पंपाच्या घरघरीने झोप उडते, ही त्याची जुनी तक्रार. संध्याकाळी तो खाली आला, टाकीपुढे उभा राहिला आणि खिशातून कंगवा काढून भांग पाडू लागला.

"भाऊजी, काय लख्ख काच आहे हो! आरसा विकून टाका."

"टिंगल पुरे."

"टिंगल नाही, खरंच."

मेव्हण्याच्या तोंडून आलेलं 'खरंच' आजवर कोणी खरं मानलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी चौथा साळू वाळूत पालथा सापडला. कप्तानांनी दोन आणि दोन चार केले. वर जाऊन त्यांनी हात पुढे केला.

"तुझ्याकडची आमच्या घराची किल्ली दे."

"का?"

"माझ्या टाकीत काय ओततोस ते तुला माहीत."

मेव्हण्याने किल्ली काढून दिली. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही.

तरीही साळू मरत राहिले. कप्तानांनी दुकानात फोन करून मालकीणबाईंना फैलावर घेतलं. "रोगट माल देता! आता या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा!" बाईंनाही दुकानाच्या नावाची चाड होती. त्यांनी येते म्हणून सांगितलं.

त्या आल्या तेव्हा दार कप्तानांच्या बायकोने उघडलं. खोली लावायला ती सकाळच्याच बसने पुढे आली होती. भावावर आळ घेतल्यामुळे तिने नवऱ्याशी अबोला धरला होता, आणि टाकीकडे पाठ.

"ते घरी नाहीत. लेकीला न् बाळाला आणायला गाडी घेऊन गेलेत. ही बघा त्यांची लाडकी."

भर दुपारचं ऊन खिडकीतून थेट टाकीवर पडलं होतं. मालकीणबाई वाकल्या. मग सरळ झाल्या. मग बाही वर करून त्यांनी हात पाण्यात घातला आणि काचेवरून आतून बोट फिरवलं.

"काकू, काच कोणी पुसली?"

"कोण पुसणार? मी आजच आलेय."

पाणी इतकं नितळ होतं, की पलीकडच्या भिंतीवरचा ओरखडा दिसत होता. दगड हाडासारखे पांढरे. खरवडायला काही उरलं नाही, तेव्हा साळूंनी प्रवाळांच्या कडा कुरतडल्या होत्या. शेवटचा साळू कोपऱ्यात होता. त्यालाही काटे उरले नव्हते.

"हे उपाशी मेलेत," बाई म्हणाल्या. "इथे शेवाळ नाहीच. कित्येक महिन्यांत नसावं."

"असं कसं? ते तर रोज सांगायचे, आज कालच्यापेक्षा जास्त..."

काकूंचं वाक्य तिथेच थांबलं. त्यांची नजर गाडीच्या किल्लीच्या रिकाम्या खुंटीवर गेली.

काकूंनी लेकीला फोन लावला. मागून हॉर्नचा गोंगाट येत होता.

"अगं, पोचलोच आम्ही, कोपऱ्यावरच्या शाळेपाशी आहोत. शाळा सुटलीय, रस्त्यात पोरंच पोरं," लेक हसत म्हणाली. "आणि बाबांची चेष्टा ऐक. गाडी इतकी हळू का चालवताय विचारलं, तर म्हणतात, आज धुकं फार आहे."