अडीचशे

स्टुलावर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या, तिसरी अर्धी होती, आणि शेजारी आकडे छापलेला प्लॅस्टिकचा जग होता. जग कोरडा होता.

“आई, यात करायची होती ना?” राजसी कुजबुजली.

“नाही जमलं गं. बाथरूमच्या दाराला लागून बाकडं, त्यावर शेजारच्या दोघींचे नवरे बसलेत. नळ सोडला तेव्हा कुठे थोडी झाली.”

“थोडी म्हणजे किती?”

“आता पळीने मोजू का?”

आदल्या दिवशी आईचं ऑपरेशन झालं होतं. हसली, शिंकली की कपडे ओले व्हायचे. ते थांबावं म्हणून डॉक्टरांनी आत एक बारीक पट्टी बसवली होती. आज सकाळी लघवीची नळी काढताना प्रगती सिस्टरने बजावलं होतं, “पहिली लघवी जगमध्ये. दोनशेच्या वर आली तर सुट्टी. नाही आली तर लगेच सांगायचं. आतली पिशवी जास्त ताणली ना, की ढिली पडते.”

राजसीला दोनपर्यंत अंबरनाथच्या कारखान्यात पोचायचं होतं. तिथे आज ऑडिट होतं, आणि प्रयोगशाळेतले सगळे आकडे तिच्या सहीचे होते.

नऊ वाजता सिस्टर कागद घेऊन आली. “काय काकू, झाली का?”

“झाली,” आई म्हणाली आणि हळूच लेकीचा हात धरला. “ती नळी परत नको गं बाई.”

“किती झाली, ताई?”

दाराबाहेर उभं राहून राजसीने फक्त नळ ऐकला होता.

“अडीचशे.”

“आणि जग धुऊन पुसून पण ठेवलात! लॅबवाल्या तुम्ही, तुमचा आकडा एकदम पक्का.” सिस्टरने लिहून टाकलं.

साडेअकराला घरी जायची तयारी सुरू झाली. आईने तोवर तिसरी बाटलीही संपवली होती. परकराची नाडी तिला बांधवेना. राजसीने पुढे होऊन नाडी धरली, तशी बेंबीखाली तिच्या बोटांना नारळासारखं काहीतरी टणक लागलं.

“आई, त्यानंतर झालीच नाही?”

“तेव्हाही दोन थेंबच झाली होती.” आईच्या कपाळावर घाम आला होता. “म्हटलं, घरी गेल्यावर होईल. तुझी नोकरी आहे, तुला उशीर नको.”

राजसी धावतच गेली आणि मालिनी डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी पोट दाबलं, मग कागद पाहिला.

“सकाळी अडीचशे झाली होती ना? मग एवढं कसं साठलं?”

“झाली होती,” आई पटकन म्हणाली.

“मोजली नव्हती,” राजसी म्हणाली. “मी अंदाजे सांगितलं.”

“मीच सांगितलं तिला तसं, डॉक्टर. तिची काही चूक नाही.”

डॉक्टर आईकडे वळल्याच नाहीत. “पट्टी घट्ट बसली आहे. मोजलं असतं तर नऊलाच कळलं असतं. आता आत किती आहे ते बघू. सहाशेच्या आत असेल तर उद्या नळी काढू. हजाराच्या वर गेलं तर पंधरा दिवस नळीसकट घरी.”

नळी घालताना आईने दात आवळून घेतले. राजसीने धरायला हात पुढे केला, पण आईने पलंगाची दांडी पकडली होती.

थोड्या वेळाने नळीतली धार थांबली. “बोला ताई,” सिस्टर म्हणाली, “किती लिहू?”

राजसी फरशीवर गुडघे टेकून बसली. तिने पलंगाला लटकवलेली नळीची पिशवी दोन्ही हातांनी सरळ केली, डोळे पातळीच्या रेषेत आणले आणि आतलं डचमळणं थांबेपर्यंत थांबली.

“एक हजार पन्नास.”