भिंत नसलेला हॉल

आर्किटेक्ट लेकीनं स्वतःचं घर मोठ्या हौसेनं बांधलं होतं. हॉल आणि बाग यांच्यामध्ये तिनं भिंतच ठेवली नव्हती. फरशी सलग झाडांपर्यंत गेलेली, सोफ्याला खेटून केळी आणि मोठ्या पानांची झुडपं. बघायला येणारे तोंडात बोटं घालायचे. वारा घरभर मोकळा फिरायचा. आणि तिच्याकडे राहायला आलेले बाबासुद्धा. अलीकडे त्यांना फारसं काही आठवत नसे.

त्या सकाळी ती फोनवर बोलत होती. वळून बघते तर बाबांची खुर्ची रिकामी. ती अनवाणीच धावत सुटली. गल्ली पालथी घातली, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, नाल्यातसुद्धा वाकून पाहिलं. हाका मारून मारून घसा बसला. "आजच्या आज गवंडी बोलावते, चारी बाजूंनी भिंती घालते, पण मला माझे बाबा मिळू देत," असं पुटपुटत, रडत ती घरी परतली.

बाबा हॉलमध्येच होते. सोफ्यामागच्या केळीच्या आड, अंग चोरून उभे. इतका वेळ ते तिथून हललेच नव्हते.

तिनं धावत जाऊन त्यांना मिठी मारली. "बाबा, अहो, जीव गेला असता माझा!"

बाबांनी हळूच स्वतःला सोडवून घेतलं आणि हात जोडले.



"बाई, मला जरा घरात घेता का? आत माझी मुलगी एकटी आहे."